घाटातले इंजिन ओळखताना क्रमांक शेवटी वाचावा

रत्नागिरीच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलेल्या प्रश्नाला हे उत्तर आहे. त्यांचे आजोबा १९५३ मध्ये रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, म्हणून लागले, कर्जतला राहिले आणि १९८९ मध्ये निवृत्त झाले. अलीकडे जुने घर आवरताना त्यांच्या ट्रंकेत तीन गोष्टी सापडल्या. लांब नाकाच्या एका इंजिनाशेजारी उभ्या असलेल्या आजोबांचे छायाचित्र, ज्याच्या मागे पेन्सिलीने ‘कर्जत, १९६१’ असे लिहिले आहे. २१४ हा आकडा ठोकलेला एक पितळी बिल्ला. आणि नोकरीच्या कागदांची एक जीर्ण चळत. मामा सांगतात की आजोबा बोरघाटात कोळशाचे इंजिन चालवत, आणि पुरावा म्हणून छायाचित्रात चाकांना दिसणारे दांडे दाखवतात. आजी मात्र अखेरपर्यंत ‘हे खेकड्यावर असायचे’ असेच म्हणत असे. बाईंना तीन गोष्टी हव्या आहेत: इंजिन नेमके कोणते, २१४ हा त्याचाच क्रमांक आहे का, आणि त्यांच्या चार-पाच हौशी मंडळींना घाटातल्या जुन्या इंजिनांचा अभ्यास करायचा असेल तर आरंभ कुठून करावा.

वरवर हा प्रश्न एका इंजिनाच्या ओळखीचा वाटतो. माझ्या मते खरी अडचण निराळी आहे. घरातल्या दोन माणसांच्या आठवणी एकमेकींना छेद देत आहेत, आणि हाती असलेल्या तीन वस्तूंपैकी कोणती कशाची साक्ष देते हे अजून ठरलेले नाही. साक्षीदार तीन असले तरी तिघांना एकच प्रश्न विचारून चालत नाही. मी १९७८ मध्ये सहायक चालक म्हणून लागलो आणि उमेदीची पहिली वर्षे कर्जत ते लोणावळा बँकरवर, म्हणजे घाटात गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनावर, काढली. आजी म्हणत तो खेकडा, म्हणजे घाटातले एका जुन्या जातीचे विजेचे इंजिन, माझ्या वाट्याला थोडाच आला, कारण तोवर त्याचे दिवस भरत आले होते आणि घाटातले बरेचसे काम चित्तरंजनला बनलेली डब्ल्यूसीजी-२ जातीची नवी विजेची इंजिने करत होती. निवृत्तीनंतर दापोलीला परत आलो, आणि तेव्हापासून लोकांच्या ट्रंकांमधली अशीच छायाचित्रे पाहण्यात माझा बराच वेळ जातो. बाईंचे छायाचित्र मी अजून पाहिलेले नाही, फक्त वर्णन वाचले आहे. त्यामुळे जिथे चित्र डोळ्यांसमोर असल्याखेरीज निवाडा करता येणार नाही, तिथे काय पाहावे एवढेच सांगेन.

बिल्ल्याचा प्रश्न आधी मिटवू, कारण तो सोपा आहे. तळहातात मावणारा, वर भोक असलेला पितळी बिल्ला हा जवळजवळ नेहमीच माणसाचा असतो, यंत्राचा नव्हे. शेडमध्ये, म्हणजे इंजिने ठेवण्याच्या आणि सांभाळण्याच्या जागी, आणि कारखान्यात हजेरीसाठी प्रत्येकाला क्रमांकाचा बिल्ला असे. आत येताना तो खिडकीतून घ्यायचा, सुटताना परत फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा. भोकाची कड एका बाजूने झिजलेली असेल तर ती त्या खिळ्याची खूण समजावी. इंजिनाची पाटी याच्या कित्येक पट मोठी, जाड ओतीव आणि चार-सहा बोल्टांच्या भोकांची असते. तेव्हा २१४ हा आजोबांचा आकडा आहे. नोकरीच्या कागदांत तो कुठे तरी कोपऱ्यात सापडला, तर ते कागद आणि बिल्ला एकाच नेमणुकीचे आहेत हे सिद्ध होईल, आणि तो उपयोग काही लहान नाही.

आता इंजिनाकडे वळू. हौशी मंडळी छायाचित्र हाती आले की भिंग घेऊन आधी क्रमांक वाचू लागतात. मी उलट क्रमाने जातो: आधी घाट, मग काम, मग इंजिनाची जात, आणि सर्वांत शेवटी क्रमांक. कारण क्रमांक बदलतात, पाट्या निघतात, रंग नवे लागतात. घाटाचा चढ मात्र बदलत नाही, आणि त्या चढावर कोणते यंत्र टिकेल हे तो चढच ठरवतो.

बोरघाटाची लोहमार्गाची चढण कर्जतच्या बाजूने सुरू होऊन लोणावळ्याला संपते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे जुन्या लोकांच्या जीआयपीने, हे काम १८५६ मध्ये हाती घेतले आणि १८६३ मध्ये घाट वाहतुकीला खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली तो पुरा झालेला पाहण्याआधीच, १८६२ मध्ये वारले. मधल्या काळात कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावल्यामुळे त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालवले. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट उंची गाठायची, आणि सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. कसारा घाट त्यानंतर, १८६५ च्या आरंभी सुरू झाला; तो लांबीने आणि उंचीने कमी, पण त्याचाही तीव्रतम चढ ३७ ला १ असाच आहे. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. आपल्या मोटाररस्त्याच्या कुंभार्ली किंवा आंबेनळी घाटापुढे तर तो सपाटच म्हणावा लागेल. पण रबरी टायर डांबराला धरून ठेवतो, आणि पोलादी चाक पोलादी रुळावर फारसे धरत नाही. सगळा फरक इथे आहे.

हिशेब करून पाहावा, म्हणजे पुढचे सगळे आपोआप उलगडते. ३७ ला १ च्या चढावर प्रत्येक टन वजनामागे साधारण २७ किलो ओढ नुसती उतारावरून मागे खेचली जाऊ नये म्हणून लावावी लागते. गाडी आणि इंजिन मिळून हजार टन असतील तर २७ टन ओढ झाली. त्यात वळणांचे आणि चाकांचे घर्षण धरलेलेच नाही. आता सव्वाशे टनांच्या आसपास वजनाचे एक इंजिन घ्या, ज्याचे सगळे वजन ओढणाऱ्या चाकांवर आहे. कोरड्या, स्वच्छ रुळावर वजनाच्या साधारण चौथा हिस्सा पकड मिळते असे धरले तर ३१ टन ओढ मिळेल, म्हणजे जेमतेम जमले. जुलैच्या पावसात, पालापाचोळा चिरडून रूळ बुळबुळीत झाला आणि पकड पाचव्या हिश्श्यावर आली, की तीच ओढ २५ टनांवर येते आणि चाक जागच्या जागी फिरू लागते. म्हणून पकड वाढवायला चाकांपुढे रुळावर सोडायची वाळू, आणि म्हणून बँकर.

बँकर म्हणजे गाडीच्या मागून रेटा देणारे इंजिन. पुढेच दोन-तीन इंजिने का जोडत नाहीत, असे मला प्रत्येक हौशी माणूस विचारतो. सगळी ओढ पुढून लावली तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर सगळा ताण येतो, आणि ते तुटले तर मागची गाडी कर्जतकडे सुटते. मागून रेटा असला की ताण वाटला जातो, आणि कपलिंग तुटलेच तरी मागचे डबे टेकायला इंजिन असते. छायाचित्राच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की कर्जतला इंजिन एकटे, गाडीविना उभे दिसले तर ते कुठल्या गाडीची वाट पाहत थांबलेले बँकर असण्याची शक्यता बरीच असते.

इथेच एक चूक सावधपणे टाळावी. घाटाची भाषा आणि रेल्वेची भाषा उलट्या आहेत. आपल्याकडे मुंबईपासून दूर जाणारी गाडी डाऊन आणि मुंबईकडे येणारी अप; त्यामुळे बोरघाटात डाऊन गाडी घाट चढते आणि अप गाडी घाट उतरते. जुन्या टिपणात ‘डाऊनला बँकर दिला’ असे वाचून कुणी ते उतरणीचे वर्णन समजले, की पुढचे सगळे निष्कर्ष डोक्यावर उभे राहतात. हा घोळ मी छापील लेखांतही पाहिला आहे.

आता मामांचे म्हणणे तपासू. बोरघाटात कोळशाची इंजिने होती हे खरेच आहे, आणि ती मोठी मजेदार होती. आरंभीच्या घाट-इंजिनांना मागे कोळसा-पाण्याची वेगळी गाडी, म्हणजे टेंडर, नसे. पाण्याची टाकी खोगिरासारखी बॉयलरवरच बसवलेली असे. कारण वरच्या हिशेबातच आहे: टेंडरचे वजन ओढावे लागते पण ते पकड वाढवत नाही, आणि तेच पाणी चाकांच्या वर ठेवले तर ओझेही वाचते आणि पकडही वाढते. पाणी संपत जाईल तशी पकड कमी होणार ही त्यातली मेख होती, पण चढ थोड्या मैलांचा असल्यामुळे ती चालून जाई. शिवाय त्या काळी खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होते. डोंगराच्या अरुंद सोंडेवर वळायला जागा नव्हती, म्हणून गाडी एका टोकाला नेऊन थांबवायची, इंजिन दुसऱ्या टोकाला आणायचे आणि उलट दिशेने पुढची चढण चढायची.

हे सगळे एका वर्षात पालटले. १९२९ मध्ये नवा मार्ग काढून रिव्हर्सिंग स्टेशन वगळले गेले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कल्याण-पुणे मार्गावर १,५०० व्होल्ट डीसी विजेवर गाड्या धावू लागल्या. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली ती या विजेच्या जोरावर. तेव्हा १९५३ मध्ये नोकरीला लागलेला माणूस बोरघाटात रोजच्या नेमाने कोळशाचे इंजिन चालवत होता, हे काळाच्या हिशेबात बसत नाही. आजोबा लागले तेव्हा घाटात वीज येऊन चोवीस वर्षे झाली होती. मामांची आठवण खोटी आहे असे मी म्हणत नाही. पुण्याच्या आणि इगतपुरीच्या पलीकडे त्या काळी कोळशाची इंजिने जोरात होती, आणि नव्या माणसाची काही काळ तिकडे नेमणूक झालेली असू शकते. पण ती आठवण ‘बोरघाट’ या शब्दाला चिकटली ती बहुधा नंतर, घरातल्या गप्पांत.

राहिला दांड्यांचा पुरावा, आणि तोच या सगळ्या प्रकरणातला सर्वांत गमतीचा भाग आहे. विजेच्या इंजिनाला दांडे नसतात अशी आज आपली समजूत आहे, कारण आज प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटार असते. घाटासाठी १९२८ पासून आलेल्या मालगाडीच्या विजेच्या इंजिनांना मात्र ठसठशीत दांडे होते. जीआयपीने त्यांना ईएफ-१ म्हटले, पुढे त्यांचे नाव डब्ल्यूसीजी-१ झाले. एकंदर ४१ इंजिने आली: १० स्वित्झर्लंडच्या विंटरथूरच्या कारखान्यातून आणि ३१ इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून. त्यातल्या एकाचे नाव ‘सर लेस्ली विल्सन’, म्हणजे मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नराचे. सुमारे २,६०० अश्वशक्तीच्या या इंजिनात चार मोटारी, दोन पुढच्या सांगाड्यात आणि दोन मागच्या; मोटारींची शक्ती दातेरी चाकांवरून आधी एका मधल्या आसाला मिळे आणि तिथून दांड्यांच्या साह्याने तीन-तीन चाकांच्या जोड्यांना. चालकाची खोली मध्ये, आणि पुढे-मागे दोन लांब नाके, जी वळणावर खोलीपासून निराळी वळत. यंत्र तीन तुकड्यांत वाकते आहे असे पाहणाऱ्याला वाटे. मॉडेल जमवणारे लोक याला मगर म्हणतात, कारण युरोपातल्या अशाच इंजिनांना ते नाव पडले होते. आमच्याकडे मगर कुणी म्हटले नाही. आमच्याकडे तो खेकडा.

नाव का पडले याची दोन कारणे लोक सांगतात: दांड्यांची हालचाल, आणि उभ्या इंजिनातून येणारा कण्हल्यासारखा आवाज. मला दोन्ही पटतात. ज्याने ओहोळाच्या कडेला दगड उचलून खेकडे धरले आहेत, त्याला त्या नांग्यांची आणि या दांड्यांची चाल वेगळी सांगायला नको. मुद्दा असा, की आजीने वापरलेला हा शब्द पुस्तकातून आलेला नाही. तो शेडमधून घरी आलेला शब्द आहे, आणि म्हणून माझ्या लेखी तो मामांच्या तर्कापेक्षा वजनदार पुरावा आहे. माणसे वर्षे विसरतात, क्रमांक तर हमखास चुकवतात, पण रोजच्या कामातले टोपणनाव सहसा चुकत नाही. आजी खेकडा म्हणत होती, तर आजोबा खेकड्याशी संबंधित कामात होते असे धरून पुढे जावे, आणि छायाचित्राने ते खोटे ठरवेपर्यंत तसेच धरावे.

छायाचित्रात आता नेमके काय पाहायचे? आधी वर पाहा. खोलीच्या छपरावर पेंटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारी चौकट, दिसतो का, आणि मागे विजेच्या तारांचे लोखंडी खांब दिसतात का. १९६१ च्या कर्जतला ते दिसायलाच हवेत. मग नाकाकडे या: धुराडे आणि बॉयलरवरचे घुमट असतील तर ते वाफेचे इंजिन, नसतील तर नव्हे. मग दांड्याचे टोक शोधा. वाफेच्या इंजिनात मुख्य दांडा पुढच्या बाजूच्या सिलिंडरपर्यंत जातो आणि तिथे पुढे-मागे सरकणारा दट्ट्या असतो. खेकड्याला सिलिंडरच नाही, त्याचा दांडा एका अशा चाकासारख्या भागापर्यंत जातो जो रुळाला टेकतच नाही. छायाचित्र धूसर असले तरी हा एक फरक बहुधा शोधता येतो, आणि एवढे सापडले तरी मामा-आजीचा वाद निकालात निघेल. चौकोनी डब्यासारखे, दोन्ही टोकांना चालकाच्या खोल्या असलेले आणि दांडे नसलेले इंजिन दिसले, तर तारीख पुन्हा तपासा. ते डब्ल्यूसीजी-२ असेल तर छायाचित्र १९६१ चे असूच शकत नाही, कारण ती १९७० पासूनची आहेत.

क्रमांकाकडे मी आता येतो. इंजिनावर तीन प्रकारचे आकडे असतात आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. पहिला कारखान्याच्या पाटीवरचा, ज्यात बांधणीचे वर्ष असते. तो जन्माचा दाखला. दुसरा जातीचा, जसे ईएफ-१ किंवा डब्ल्यूसीजी-१. यात डब्ल्यू म्हणजे रुंद मार्ग, सी म्हणजे डीसी विजेवर चालणारे, जी म्हणजे मालगाडीचे आणि १ म्हणजे त्या मालिकेतले पहिले. तिसरा चालता क्रमांक, जो रंगाने किंवा पितळी आकड्यांनी बाहेर लिहिलेला असतो. खेकड्यांचे जीआयपीच्या काळातले चालते क्रमांक ४५ ने सुरू होणारे चार आकडी होते आणि पुढे ते २० ने सुरू होणारे पाच आकडी झाले. त्यामुळे संपूर्ण क्रमांक वाचता आला नाही, तरी चार आकड्यांची जागा आहे की पाच, एवढ्यावरूनही छायाचित्राचा काळ चाचपता येतो. मात्र अर्धवट आकडा कल्पनेने पुरा करू नये. ३ आणि ८ यांतला फरक जुन्या छायाचित्रात डोळ्याला हवा तसा दिसतो.

हे मी दुसऱ्याच्या चुकीवरून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी मी एका खेकड्याची ओळख नाकावरच्या क्रमांकावरून छातीठोकपणे लिहून दिली होती. अंक छापून वाटून झाल्यावर शेडमधल्या एका जुन्या फिटरमामांनी मला चहाला बोलावले आणि शांतपणे सांगितले, की त्या इंजिनाचे एका बाजूचे नाक दुरुस्तीच्या वेळी दुसऱ्या इंजिनाचे बसवले होते आणि आकडा काही दिवस तसाच राहून गेला होता. त्यांनी ते नाक स्वतःच्या हाताने बसवले होते. माझ्याकडे फक्त भिंग होते. तेव्हापासून मी दोन्ही बाजूंचा क्रमांक जुळल्याखेरीज, किंवा कागदाचा आधार असल्याखेरीज, एका विशिष्ट इंजिनाचे नाव घेत नाही. बाईंच्या बाबतीतही ‘डब्ल्यूसीजी-१, कर्जत, १९६१ च्या सुमारास’ इथपर्यंत पोहोचलो, तर ती ओळख पुरेशी मानावी.

आता एक नाजूक गोष्ट. १९५३ चा खलाशी १९६१ मध्ये चालक झालेला असेल, हे मला अवघड वाटते. खलाशी, मग सहायक, मग यार्डात डबे-इंजिने हलवणारा शंटर, मग मालगाडीचा चालक, अशी ती पायरी-पायरीची वाट होती, आणि आठ वर्षांत शेवटापर्यंत पोहोचणारे विरळाच. घरी मात्र आजोबा नेहमी ‘इंजिन चालवत’ असतात. मीही सहायक असताना माझी आई गावात तसेच सांगत असे. कागदांच्या चळतीत म्हणूनच पगाराच्या रकमेपेक्षा भत्त्याचा रकाना पाहावा. मैलांच्या हिशेबाने रनिंग अलाउन्स मिळाला असेल, तर ते गाडीवर जाणारे होते. नसेल, तर त्या वर्षी ते शेडमध्ये, सांभाळ-दुरुस्तीच्या कामावर होते. दुसऱ्या शक्यतेने कुणाचा मान कमी होत नाही. खेकड्याच्या दांड्यांना रोज वंगण कोण घालत होते आणि वाळूच्या पेट्या कोण भरत होते, याची नोंद चालकांच्या नोंदींहून दुर्मीळ आहे, आणि अभ्यासकाला ती जास्त मोलाची वाटावी.

जागेविषयी दोन इशारे देतो. विजेचे इंजिन असलेल्या छायाचित्राखाली कुणी ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ असे लिहिले असेल, तर ते संशयाने पाहावे, कारण वीज आली त्याच वर्षी ते स्टेशन मार्गातून गेले. दुसरे, कर्जतला काढलेले प्रत्येक छायाचित्र घाटाचे नसते. खोपोलीचा फाटा पळसदरीहून निघतो आणि घाट चढतच नाही. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली होती, १८५८ मध्ये वर खंडाळा-पुणे सुरू झाली, आणि मधला डोंगर लोक पाच वर्षे पालखीने, बैलगाडीने किंवा पायी ओलांडत होते. आणि इंजिन खेळण्यासारखे लहान दिसत असेल तर ते नेरळ-माथेरानचे. तो दोन फुटी मार्ग १९०७ चा, त्याची जर्मनीत बांधलेली चार वाफेची इंजिने १९८२ पर्यंत चालली. कर्जत तालुक्यातल्या घरांत बोरघाट आणि माथेरान यांच्या आठवणी सहज मिसळलेल्या आढळतात.

अभ्यास करू पाहणाऱ्या मंडळींना माझा सल्ला असा, की पहिले वर्षभर इंजिनांच्या यादीच्या मागे लागू नये. एकाने मार्ग घ्यावा: चढ, बोगदे, कॅच सायडिंग, स्थानके, आणि त्यांत कधी काय बदलले. कॅच सायडिंग म्हणजे उतरणाऱ्या गाडीचा ताबा सुटलाच तर तिला वळवून चढावर थांबवणारा आंधळा रूळ. त्याचे काटे नेहमी त्या रुळाकडेच लावलेले असतात आणि गाडी ताब्यात आहे हे चालकाने दाखवल्यावरच ते मुख्य मार्गाला लागतात. छायाचित्रात मुख्य मार्गापासून फुटून वर चढत जाणारा आणि कुठेच न पोहोचणारा रूळ दिसला, तर जागा ओळखायला तो उत्तम धागा आहे. दुसऱ्याने कागद घ्यावेत. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आणि इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरच्या ठाणे, कुलाबा आणि पुणे या खंडांत रेल्वेविषयी बरेच काही आहे. उरलेल्यांनी माणसे घ्यावीत, आणि ती आधी घ्यावीत, कारण कागद पुढच्या वर्षीही तिथेच असतील. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपलेला खेकडा एकदा तरी प्रत्यक्ष पाहावा. दांड्यांचे जे मी चार वाक्यांत सांगितले, ते तिथे चार मिनिटांत समजते.

घाटात रुळावरून चालत जाऊ नये. रेल्वे कायद्याप्रमाणे तो गुन्हा तर आहेच, पण बोगद्यात बँकरसकट गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते, आणि पावसाळ्यात वरून दरड येते ती शिट्टी वाजवून येत नाही. राजमाचीच्या पॉइंटवरून, किंवा गाडीच्या खिडकीतून, पुष्कळ दिसते. मुंबईहून येत असाल तर कर्जतला गाडी थांबल्यावर मागच्या टोकाला बँकर लागताना एक हलकासा धक्का बसतो. त्या क्षणी घड्याळ पाहून ठेवावे आणि लोणावळ्यापर्यंतची वेळ मोजावी. पूर्वीच्या वेळापत्रकांशी ती ताडून पाहण्यात फार मजा आहे.

बाईंसाठी शेवटचे काम. छायाचित्राची दोन्ही बाजूंनी, कडांसकट, मोठ्या आकारात प्रत काढून घ्यावी; पेन्सिलीच्या अक्षरांवर खोडरबर किंवा ओला बोळा लावू नये. आणि मामांना इंजिनाविषयी काही न विचारता एवढेच विचारावे, की आजी आजोबांचे कामाचे कपडे धुवायची तेव्हा पाणी काळे निघायचे, की ग्रीसचा तवंग यायचा आणि बादलीच्या तळाशी वाळू बसायची. काळे पाणी म्हणाले, तर कागदांत पुणे किंवा इगतपुरीच्या पलीकडची एखादी नेमणूक शोधा. तवंग आणि वाळू म्हणाले, तर आजी बरोबर होती.